प्यायलेलं पिल्लू

"हात लावू नकोस हं, आई. नुसतं बघ."

"हात कशाला लावतेय? नखाएवढीसुद्धा नाहीत मेली!"

आईने चष्मा वर ढकलला आणि संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं. प्रयोगशाळेतल्या पारदर्शक थाळीला लहान लहान खळगे होते आणि खळग्यागणिक माशाचं एकेक पिल्लू, जन्मून आठवडाही न झालेलं. पडद्यावर ती चांगली बोटाएवढी दिसत होती. निम्म्यांच्या पाण्यात लेकीच्या मैत्रिणीने जराशी दारू मिसळली होती. कुणाच्या, ते लेकीलाही सांगायचं नाही, अशी इथली रीत. माहीत असलं की डोळे हवं तेच बघतात.

आई आली होती वेगळ्याच कामाला. धाकट्याने दारू सोडली म्हणे. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी गाडी त्याला पुन्हा चालवायची होती, आणि गाडी होती लेकीच्या नावावर. ती काही हो म्हणेना.

"सोडलीय त्याने, मी सांगते ना! तुझ्या बापाबरोबर जन्म काढलाय. प्यायलेला माणूस मला जिन्यावरच्या पावलांवरून कळतो."

"मग ही ओळखून दाखव."

"ओळखली तर?"

"उद्यापासून गाडी त्याची."

आईने खुर्ची पुढे ओढली. लेकीने थाळीखालचा दिवा बंद केला; कॅमेऱ्याला अंधारातही दिसत होतं. पिल्लं दचकली. काही जराशी हलली, थबकली, पुन्हा हलली. काही मात्र सुटलीच. कडेकडेने गरागरा, सुसाट.

"अगं बघ, बघ कशी पळतायत! शाब्बास!" आईने टेबलावर थाप मारली. "आणि ही मरगळलेली. हे झिंगलंय. हे पण. ते खालचं तर पार आडवं व्हायला आलंय, तुझ्या बापासारखी. बाकीची ठणठणीत! बोलाव तुझ्या मैत्रिणीला!"

लेकीही पुढे वाकली. फरक इतका स्वच्छ कधीच दिसला नव्हता. मैत्रीण धावत आली, तिने आपलं टिपण पाहिलं आणि हसू दाबलं.

"मावशी, तुम्ही दाखवलेली सगळी साध्या पाण्यातली. एवढ्याशा दारूने ती पडत नाहीत, उधळतात."

"आलं! पुन्हा तेच उत्तर आलं!" लेकीने मैत्रिणीला मिठीच मारली. दोघी जागच्या जागी उड्या मारू लागल्या.

आईचा फोन वाजला. धाकटा.

"मिळाली ना गाडी? मला माहीतच होतं! आई, ऐक तर, आज काय धमाल झाली, तो कोपऱ्यावरचा न्हावी आहे ना, तो मला म्हणतो..." शब्दावर शब्द, मध्येच खदखदून हसू, श्वास घ्यायलाही उसंत नाही.

आईची नजर पडद्यावरून हलेना.

"बाळा," ती म्हणाली, "जरा थांब. थांबून दाखव मला."

तो बोलतच राहिला.