देवळातली पेटी

भागोजी गुरवाने देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगुणाने मांडीवरच्या मालनला पदराखाली ओढून घेतलं. पोर हिवतापाने चार दिवस फणफणत होती.

देवीच्या शेजारीच औषधाची पेटी होती. रत्नागिरीचा दवाखाना म्हणजे पूर्णगडची खाडी होडीने उतरून दिवसभराची पायपीट; म्हणून अर्जावर अर्ज केल्यावर सरकारने हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या गावातच पाठवल्या. आणि शहाण्या गावाने काय केलं? पेटी वाजतगाजत देवळात नेऊन ठेवली. तिला पहिलं कुंकू लावलं ते सगुणानेच. देवळातली वस्तू कौलाशिवाय उघडायची नाही, हेही गावानेच ठरवलं.

"परवा डावा, कालपन डावा," सगुणा म्हणाली. "आज नीट इचार, भागोजीदादा. आईला सांग, पोर हातची जाईल माजी."

भागोजीने डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणायला देवळात दुसरं कुणी नव्हतं, तेही सगुणानेच म्हटलं. मग दोघं पाषाणाकडे बघत बसली.

उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

"दिलान! आईन कौल दिलान!" सगुणाला हसू आणि रडू एकदमच आलं. भागोजीचं तोंड मात्र उतरलं.

"पेटी उघड ना, दादा."

"उद्या सकाळच्या पारी बगू, वयनी."

"उद्या कशाला? कौल आज मिळालाय."

तो जागचा हलेना, तेव्हा तिनेच हात लांब करून झाकण उचललं. आत थोडा कापूस होता आणि गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता. डबा रिकामा होता.

भागोजी जमिनीकडे बघत म्हणाला, "खोतांचे धाकटे मुंबईस गेले ना आयतवारी. वाटेत लागल्या तर जवळ असाव्यात, म्हणून खोतांनी सगळ्या नेल्यानी."

"त्यांस ताप होता?"

"नाय."

"मग तीन दीस मला कौल लावत बसवलंस कशाला?"

भागोजी पडलेली पाकळी उचलू लागला. ते बघून सगुणाला शिसारी आली.

"आनि खोतांना कंचा कौल मिळाला?"

"खोतांना कौल लागत नाय, वयनी."

सगुणाने मालनला खांद्यावर टाकलं. खाडीतली होडी सकाळीच सुटून गेली होती, आता उद्याशिवाय नव्हती. पायरीपर्यंत जाऊन ती परत फिरली आणि पेटीवरचं कुंकू तिने पदराने खसाखसा पुसून काढलं.