एक, तीन, चार, दोन

“आता?” बॉनेटच्या आडून बाबांनी विचारलं.

इंजिनाचा सूर पडला, गाडी जास्तच थरथरली. “पडला,” स्टिअरिंगमागून मुलगी म्हणाली.

बाबांनी ती वायर प्लगवर परत बसवली आणि पुढची काढली. “आता?”

“काहीच फरक नाही.”

ज्याची वायर काढूनही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच बंद. शाळेत विज्ञान शिकायच्या कितीतरी आधी हे तिला याच सीटवर कळलं होतं. तेव्हा पाय पुरावेत म्हणून बाबा तिच्या पाठीशी उशी लावायचे आणि ती दोन्ही पायांनी रेस द्यायची.

तिसरी काढल्यावर सूर पडला. चौथीला फरक नाही.

“दोन दोन कसे बंद असतील?” बाबा वैतागले. “प्लग नवे टाकलेत, कार्बोरेटर साफ केलाय. पेट्रोलच भेसळीचं, दुसरं काय!”

“सकाळपासून त्या पेट्रोलच्या नावानं खडे फोडताहेत,” दारातल्या पायरीवरून आई म्हणाली. “काल बरी चालत होती. वायरी पुसायच्या म्हणून सगळ्या एकदम काढून बसलात, तेव्हापासून हे सुरू झालं.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“चहा गार झाला, एवढं कळतंय.”

आठवड्यापूर्वी फोनवर आईचा आवाज असा नव्हता. विसरतात गं हल्ली, म्हणाली होती. परवा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून स्वतःचंच घर कुठलं ते विचारत होते. डॉक्टरांचं नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. मी वेळ घेऊन ठेवलीय, तू ये.

म्हणून ती आली होती. पण आल्यापासून त्यातलं एक अक्षर कुणी बाबांपाशी काढलं नव्हतं.

इंजिन बंद करून ती उतरली आणि बॉनेटखाली वाकली. सिलिंडरना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीतून चार वायरी निघत होत्या. एकेकीचा तिने प्लगपर्यंत माग काढला. दुसरीची आणि चौथीची अदलाबदल झाली होती. दोन सिलिंडरना ठिणगी मिळत होती, पण भलत्याच वेळी.

बाबा आयुष्यभर एका वेळी एकच वायर काढत आले होते. ती परत बसवल्याशिवाय दुसरीला हात लावत नसत.

“बाबा, पहिलीतल्या बाईंनी तुम्हाला शाळेत का बोलावलं होतं हो?”

बाबा हसायलाच लागले. “तुला आकडे येत नाहीत म्हणून! बाई म्हणाल्या, एक झाल्यावर ही सरळ तीन म्हणते. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे असंच मोजतात. झोपवताना तुला थोपटत म्हणायचो ना मी! सिलिंडर ज्या क्रमानं पेटतात, तसं. एक, तीन, चार...”

बोलता बोलता त्यांचं बोट टोपीवरून फिरत होतं. एक. तीन. पुढच्या वायरीवर ते थांबलं.

“हे कुणी लावलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“मीच लावलं असेल मघाशी.”

“तू आत बसली होतीस.”

बाबांनी दोन वायरी उपटल्या, जागा बदलून बसवल्या. बोटाने क्रम मोजून पाहिला. मग पुन्हा एकदा मोजला. आत बसून त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि इतकं एकसारखं चालायला लागलं, की शेजारच्या छपरावरच्या कबुतरांचं घुमणं ऐकू आलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. उतरले तेव्हा फडक्याने एकेक बोट पुसत त्यांनी विचारलं, “डॉक्टर किती वाजता बसतात?”

आई झटकन उठली. “थांबा, मी चपला घालते.”

“तू चालव,” बाबा मुलीला म्हणाले आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. त्या बाजूला पट्टा कुठे अडकवायचा, ते त्यांना शोधावं लागलं.

कोपऱ्यावरचं वळण आलं. बाबांचा उजवा पाय पुढे सरकला आणि रिकाम्या जागी घट्ट दाबला गेला.

तिने ब्रेक लावला.