मोबाइलवर दिसणारी गाडी

बायको गेल्यावर वर्षभराने बोरगाव मेघेच्या दौलतरावांनी जुन्या गाड्यांच्या डीलरकडून छोटी, आलिशान इलेक्ट्रिक कार घेतली. रिकाम्या घरात दिवस सरत नसे. एका दुपारी रोहण्याहून परतताना अनोळखी मुलीचा फोन आला. त्यांनी गाडी कडेला घेतली. "काका, तुमची गाडी माझ्या बाबांची होती. ते वारल्यावर विकली. ती कुठं आहे ते माझ्या मोबाइलवर अजून दिसते, म्हणून डीलरकडून तुमचा नंबर घेतला. गाडीच्या स्क्रीनवर सेटिंगमधून माझं नाव काढून टाका, मंग मले तुमचं येणंजाणं दिसणार नाई." ती सांगत गेली तशी त्यांनी बटणं दाबली. शेवटच्या बटणावर बोट थांबलं. "राहू दे बाई," ते म्हणाले. "मी घरी पोचलो का नाई, पाह्यणारं आता कोणी नाई." मग ती म्हणाली, "काका, चार्जिंग कमी दिसून राह्यलं. हळू जाजा."