कोणी कोणाला

“काकू, हात खाली. आणि मान हलवू नका,” स्पीच थेरपीवाल्या बाई म्हणाल्या.

“मी कुठं काय करतेय?” म्हणत तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. नवरा समोर खुर्चीत ताठ बसला होता, परीक्षेला बसवल्यासारखा. झटक्यानं उजवी बाजू गेली, त्याला चार महिने झाले. तेव्हापासून तोंडून एकच शब्द निघायचा: बरं. पण कळतं सगळं, असं ती येईल-जाईल त्याला सांगायची.

बाईंनी दोन चित्रं मांडली. एकात पोलीस चोराला पकडत होता, दुसऱ्यात चोर पोलिसाला.

“काका, पोलिसाला चोराने पकडलं.”

त्यानं डाव्या हाताचं बोट पहिल्या चित्रावर ठेवलं.

“आजीला नातीने भरवलं,” दुसरी दोन चित्रं मांडत बाई म्हणाल्या.

त्यानं आजीच्या हातातला चमचा दाखवला आणि शाबासकीसाठी बायकोकडं पाहिलं.

“वायरमन होते हो आमचे हे,” ती घाईनं म्हणाली. “कुठली वायर कुठं जाते, डोळे मिटून सांगायचे.”

“शब्द कळतात, काकू. कोणी कोणाला, ते निसटतं. मग मनाला जे पटतं, तेच ऐकलं असं धरून चालतात. बाकी इतके दिवस तुमचा चेहरा वाचत होते.”

“सुधारेल ना?”

“फॉर्म घेऊन येते,” म्हणत बाई उठल्या.

चित्रांचा गठ्ठा टेबलावरच राहिला होता. तो रोज दाराकडं बघत बसायचा, ते बघवेना म्हणून गेल्या रविवारी तिनं सांगून टाकलं होतं. “अहो, लेक आली होती तुम्हाला बघायला. ‘तुझ्यामुळंच झालं हे’ असं म्हणून मी तिला दारातून हाकललं.” त्यानं तिचे डोळे पुसले होते. बरं, म्हणाला होता. त्या दिवसापासून तिला झोप लागायला लागली होती.

तिनं गठ्ठ्यातून दोन चित्रं शोधून त्याच्यापुढं मांडली. एकात आई मुलीला ढकलत होती, दुसऱ्यात मुलगी आईला. चेहरा कोरा ठेवून, भाजीचा भाव सांगावा तसं ती म्हणाली, “आपल्या लेकीला मी हाकललं.”

तो चित्रांकडं बघत राहिला. मग तिच्याकडं, बराच वेळ. मग मुलगी आईला ढकलत होती, त्या चित्रावर बोट ठेवलं. वायरी सोलून सोलून दगड झालेल्या नखानं तो त्या मुलीचं तोंड खरवडू लागला.

तिनं त्याचं बोट धरलं. उचललं. दुसरं चित्र वीतभरच लांब होतं.

बोट तिच्या मुठीतून सुटलं आणि तिचाच हात थोपटू लागलं. “बरं,” तो म्हणाला. “बरं, बरं.”

बाई परत आल्या. “काय म्हणतायत काका?”

“काही नाही. बोलणं झालं आमचं,” ती म्हणाली, आणि तोंड पांढरं पडलेलं ते चित्र तिनं गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं.