रेघेबाहेरचे ठिपके

"सर, इथून पुढे पायीच जायचंय," असं म्हणत ती गाडीतून सगळ्यांत आधी उतरली.

सर उतरले. पायात पॉलिश केलेले बूट, हातात गुंडाळलेला आलेख. मागून समितीच्या अध्यक्षबाई आल्या. दलदलीचं गणिती मॉडेल मंजूर करायचं की नाही, हे आज त्या ठरवणार होत्या. मॉडेल सरांचं. त्याचं म्हणणं असं, की दलदल आटत आलीय, पूर्वेची बाजू तर कधीच कोरडी पडलीय. पाणी आणणारा कालवा बंद केला तरी काही बिघडणार नाही. प्रत्यक्ष मोजणीशी ते कितपत जुळतं, हे तपासायचं काम तिच्याकडे होतं; मोजणीचे ठिपके तिनेच आलेखावर मांडले होते. तिने ते मागून घेतलं होतं.

एकेकाळी ती सरांचीच विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधातली पूर्वेकडची सगळी मोजमापं त्यांनी आलेखावरून काढून टाकली होती, कारण ती त्यांच्या रेघेवर बसत नव्हती. भरल्या वर्गात म्हणाले होते, "यंत्र ठीक आहे हो, वाचणारीचंच लक्ष भलतीकडे असतं." सगळे हसले होते. तीही हसली होती. तिला अजून डाचत होतं ते तेच.

"पूर्वेच्या या कोपऱ्यात ठिपके रेघेपासून इतके लांब का?" काठावर आल्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हा कोपरा सोडून द्या," सर म्हणाले. "इथल्या नोंदी पहिल्यापासूनच भरवशाच्या नाहीत."

"मग सोडायचा कशाला? जाऊनच बघा ना," ती म्हणाली. "ती पट्टी दिसते ना, तिथे मॉडेलप्रमाणे कोरडी जमीन आहे. आकडा तुमचाच आहे, सर."

पाणी मोजायची पट्टी पाणकणसांच्या मधोमध रोवलेली होती. तिथपर्यंत हिरवंगार गवत, बागेतल्यासारखं. गवत तरंगतं होतं. खाली मांडीइतकं पाणी आणि चिखल, त्याखाली घट्ट तळ. जिवाला धोका नव्हता, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. 'जपून' हा शब्द ओठांवर आला. तिने तो गिळला.

सर घुटमळले. पण अध्यक्षबाई बघत होत्या. ते निघाले. सुरुवातीला गवताने त्यांना पेललं, तशी त्यांची मान ताठ झाली. पट्टीपाशी पोचले, वळून काहीतरी बोलणार, तोच एक पाय आत गेला. मग दुसरा.

"अगं, हात दे!"

"देते. तेवढी पट्टी वाचा."

"आत्ता?"

"आत्ताच. आणि मोठ्याने. बाईंना ऐकू यायला हवं."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. पट्टीवरचं शेवाळ त्यांनी अंगठ्याने पुसलं. "पंचेचाळीस," ते पुटपुटले.

"किती?"

"पंचेचाळीस सेंटिमीटर!"

अध्यक्षबाईंनी आपल्याजवळची आलेखाची प्रत उघडली. "इथे शून्य लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कालवा काही बंद होत नाही मग." आणि त्या गाडीकडे वळल्या.

ती लव्हाळ्याच्या ठोंबांवर पाय देत सरांपर्यंत गेली. अगदी सावकाश. त्यांचा पडलेला चेहरा तिला जवळून, पोटभर बघायचा होता. तिने हात पुढे केला.

सरांनी तो धरला नाही. ते तिच्याकडे बघतही नव्हते. मान तिरकी करून कान देत होते. बेडूक, किडे, चिखलातून वर येऊन फुटणारे बुडबुडे, पाणकणसांत दडून एकसारखा ओरडणारा कुठलासा पक्षी.

"एवढा आवाज असतो इथे?" त्यांनी विचारलं. "नेहमीच?"

ते चिडले असते, सबबी सांगत बसले असते, अगदी माफी मागितली असती, तरी उत्तर तिच्याकडे तयार होतं. हा प्रश्न येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

तिने हात मागे घेतला.

"ऐका," ती म्हणाली. "घाई नाही."