घराण्याचं औषध

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या त्या दगडी घाण्यावर एम्ब्रोजच्या चार पिढ्यांनी सायडर, म्हणजे सफरचंदांचं आंबवलेलं पेय, गाळली होती. घाणा पाहायला आलेल्या संग्रहालयाच्या बाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"ह्या भेगा कशाने बुजवल्यात?"

"शिशाने. पणजोबांची करामत! म्हणून तर आमची सायडर अशी गोड लागते."

बाईंनी त्याने दिलेला सायडरचा पेला खाली ठेवला. "पणजोबा कशाने गेले?"

"पोटातल्या कळांनी. आजोबा, वडीलही तसेच. घराण्यातच आहे ते. कळ आली की पेलाभर गरम सायडर, हेच आमचं औषध."

"अहो, आंबट रसात शिसं उतरतं! पिढ्यान्‌पिढ्या विष पिताय तुम्ही!"

एम्ब्रोज जिन्याकडे धावला. माडीवर त्याची लेक सकाळपासून पोट धरून पडली होती, आणि तिसरा पेला तो आत्ताच स्वतःच्या हाताने पाजून आला होता.