नव्या मुलीचे अपूर्णांक

क्षिप्राने फळ्यावर गणित सोडवलं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन, उत्तर दोन छेद पाच. पाचवीचा वर्ग खुदखुदला.

गणपतीच्या सुट्टीनंतर ती टेंभी नाक्याची शाळा सोडून बाळकुमच्या या शाळेत आली होती. मंदाकिनीबाईंनी तिला संचिताच्या बाकावर बसवलं. "संचिता, हिला जरा सांभाळून घे. तूही नवीनच आहेस."

संचिताने दप्तर सरकवून जागा केली. जूनमध्ये डोंबिवलीहून आल्यापासून ती कोणाशी धड दोन शब्द बोलली नव्हती. गणितात वीसपैकी चार. बाबांनी सांगून टाकलेलं, दिवाळीपर्यंत रुळली नाहीस तर मामाकडे राहा आणि जुन्या शाळेत जा. जुनी शाळा तिला हवी होती, पण आईला सोडून नको होती.

त्यात आता ही क्षिप्रा. पाण्याचा नळ कुठे, ग्रंथालय कुठे, दहादा विचारायची. गणित तर रोजच.

"अगं, कालच सांगितलं ना तुला?"

"विसरले. परत सांग ना."

परत सांगायचं म्हणजे आधी स्वतःला यायला हवं. संचिता घरी भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकू लागली. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात तसं झालं, आणि ते शहाणपण तिला भलतंच आवडलं.

एकदा तिचंच चुकलं. क्षिप्राने वहीत डोकं घालून विचारलं, "खाली सहा केलेस, मग वर एकच राहणार का गं?"

संचिताने वरचे आकडे खोडून बदलले.

मधल्या सुट्टीत वर्गातले आर्यन आणि करिश्माही गणितं विचारायला येऊ लागले. चौघांचे डबे एकत्र उघडायला लागले.

चाचणीत संचिताला सतरा मिळाले. क्षिप्राने आपला पेपर घडी घालून दप्तरात कोंबला. "माझं नको विचारूस."

त्या संध्याकाळी बाबांनी मामाला फोन केला. "नाही येत ती. इथेच रमली." संचिताला इतका आनंद झाला की ती त्या रात्री दोनदा जेवली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. संचिता दोघींची दप्तरं घेऊन फाटकापाशी थांबली होती. रिकाम्या वर्गात क्षिप्रा बाईंच्या टेबलाजवळ गेली.

"बाई," तिने हळूच विचारलं, "आता मला अपूर्णांक यायला लागले तर चालेल ना?"